संगणकाची रांग आणि विज्ञानाची रिकामी बाके

बारावीचा निकाल लागतो आणि नायगावपासून विरारपर्यंत घरोघर एकाच प्रश्नाचा काथ्याकूट सुरू होतो. मुलाला संगणकशास्त्राला घालायचे की विज्ञानाच्या दुसऱ्या एखाद्या शाखेला? वास्तविक हा प्रश्न आता विचारण्यापुरताच उरला आहे. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर केव्हाच ठरलेले असते. संगणकाची जागा मिळाली तर पेढे वाटायचे. न मिळाली तर मूल ‘नाइलाजाने’ रसायन, पदार्थविज्ञान किंवा जैवतंत्रज्ञान घेते, आणि तसे सांगताना आईबापांचा आवाज नकळत खाली येतो. उपयोजित विज्ञानाची पदवी म्हणजे हुकलेल्यांचा आसरा, अशी समजूत शिकल्यासवरल्या घरांतही मूळ धरून बसली आहे. या समजुतीची एकदा सडेतोड तपासणी व्हावयास हवी, म्हणून आज ही जागा आम्ही त्या विषयाला देत आहोत.

गेल्या आठवड्यात आमचा एक जुना विद्यार्थी कचेरीत आला. आम्ही शाळामास्तर होतो तेव्हा तो शेवटच्या बाकावर बसत असे. आज तो वालीवच्या एका कारखान्यात पर्यवेक्षक आहे. बरोबर त्याची मुलगी होती. मुलीला उत्तम गुण आहेत आणि तिला रसायनशास्त्र शिकावयाचे आहे. बापाने मात्र एका महाविद्यालयात संगणकाच्या जागेसाठी पैसे भरून टाकले आहेत. “सर, तुम्हीच हिला समजवा,” तो म्हणाला. आम्ही मुलीकडे पाहिले. ती म्हणाली, “आमच्या विहिरीचे पाणी मी कॉलेजात दोनदा तपासले, सर. उन्हाळ्यात क्षार वाढतात, पावसाळ्यानंतर उतरतात. असे का होते आणि ते थांबवता येईल का, ते मला शिकायचे आहे.” त्यावर बाप हळूच म्हणाला, “शिकशील ग, पण मग खाशील काय?”

त्या प्रश्नात कुत्सितपणा नव्हता, काळजी होती. म्हणूनच त्याला उत्तर देणे भाग आहे. ‘ज्ञानासाठी ज्ञान’ असा उपदेश करून मोकळे होणे सोपे असते. परंतु जो रोज पहाटेच्या गाडीला लोंबकळत जातो, ज्याच्या डोक्यावर घराच्या कर्जाचे हप्ते आहेत, त्याला असा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाच नाही. तेव्हा प्रथम संगणकाच्या बाजूने जे खरे आहे ते मोकळेपणाने मान्य करू.

बापाचे काय चुकले?

गेल्या तीस वर्षांत महाराष्ट्रातील मध्यमवर्गाला संगणकाने जेवढे वर आणले तेवढे दुसऱ्या कोणत्याही एका धंद्याने आणले नाही. गिरणी कामगाराचा मुलगा हिंजवडीत गेला, शिपायाची मुलगी अमेरिकेत गेली, चाळीतली खोली जाऊन दोन खोल्यांचा फ्लॅट आला. हे सारे एका पिढीत घडले. या धंद्याने कोणाचा वशिला विचारला नाही आणि कोणाची जात विचारण्याचे त्याला फारसे कारण पडले नाही. चार वर्षांची पदवी आणि लगोलग नोकरी, हा सरळ हिशेब त्याने दिला. उलट रसायनाची किंवा पदार्थविज्ञानाची नुसती बी.एस्सी. झालेल्या मुलाला आजही प्रयोगशाळेत जुजबी पगारावर सुरुवात करावी लागते. चांगली जागा मिळण्यासाठी एम.एस्सी. करावी लागते, म्हणजे आणखी दोन वर्षे घरचे खावे लागते. ज्या बापाने हे डोळ्यांनी पाहिले आहे, त्याने संगणकाच्या रांगेत उभे राहावे यात नवल नाही.

परंतु रांगेत उभे राहणाऱ्याने रांगेच्या दुसऱ्या टोकाला काय चालले आहे तेही पाहावयास हवे, आणि ते कोणी पाहत नाही. महाविद्यालयांच्या जाहिरातींत एका भाग्यवान विद्यार्थ्याच्या ‘पॅकेज’चा आकडा ठसठशीत छापलेला असतो, उरलेल्यांचे काय झाले याबद्दल मौन असते. खरी गोष्ट अशी की, देशातील मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत सर्वसाधारण नवख्या पदवीधराचा प्रारंभीचा पगार गेली दहा-बारा वर्षे वर्षाला साडेतीन लाख रुपयांच्या आसपासच रेंगाळत राहिला आहे. त्या काळात महाविद्यालयांचे शुल्क, जागांची भाडी आणि डाळ-तांदूळ मात्र रेंगाळले नाहीत. जुलै २०२५ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने, सुमारे बारा हजार माणसे कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. टाटांची नोकरी म्हणजे जन्माची भाकरी, असे मानणाऱ्या पिढीला त्या बातमीने हादरा दिला.

आणि पुरवठ्याची बाजू पाहा. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगल्या गणलेल्या संस्थांना एका शाखेत किती जागा ठेवाव्यात याची वरची मर्यादा काढून टाकली. त्याचा अर्थ कोणत्याही संस्थाचालकाला कळेल असा होता: ज्या शाखेला गिऱ्हाईक, तिच्या जागा वाढवा. संगणक, माहिती तंत्रज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता अशा नावांच्या तुकड्या वाढल्या. यंत्र आणि स्थापत्य यांच्या तुकड्या आकसल्या. पेठेत एखाद्या मालाला भाव आला की सारे शेतकरी तेच पीक घेतात आणि पीक हाती येईपर्यंत भाव उतरतो, हा अनुभव आपल्या कांदा उत्पादकांना नवा नाही. फरक इतकाच की, कांद्याचे पीक चार महिन्यांचे असते, पदवीचे चार वर्षांचे. शिवाय कांदा पुढच्या हंगामात बदलता येतो. मुलाच्या आयुष्याला पुढचा हंगाम नसतो.

मुंबईचा धडा

एका धंद्यावर सारी मदार ठेवल्याने काय होते, हे मुंबईला कोणी शिकवावयास नको. १८८७ साली ‘व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट’ निघाली ती मुख्यतः गिरण्यांना तंत्रज्ञ पुरविण्यासाठी. कापडगिरणीतला तंत्रज्ञ हा त्या काळचा मानकरी. त्याला स्थळे सांगून येत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर परळ-लालबागची धुराडी एकेक करून थंड होत गेली.

त्या पडझडीत तरले कोण? १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रशास्त्राचा विभाग काढला तोही कापडधंद्याला डोळ्यांपुढे ठेवूनच. तेथील आरंभीच्या अभ्यासक्रमांत कापडाचे रसायनशास्त्र होते. परंतु तेथे रंगाऱ्याची कृती घोटवून न घेता रंगामागचे रसायन शिकविले गेले. म्हणून गिरण्या बुडाल्या तरी ती संस्था बुडाली नाही. तिची माणसे रंगांतून औषधांकडे, औषधांतून प्लास्टिककडे, तेथून कीटकनाशकांकडे आणि इंधनांकडे वळली. आज माटुंग्याची ती संस्था ‘इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी’ या नावाने स्वतंत्र अभिमत विद्यापीठ झाली आहे. गिरणी शिकलेला माणूस गिरणीबरोबर संपला. रसायन शिकलेला माणूस उरला. तात्पर्य, धंद्याचे आयुष्य वेगळे आणि शास्त्राचे आयुष्य वेगळे.

हाच न्याय संगणकाला लावून पाहावा. हा धंदा ज्यांनी या देशात उभा केला, त्यांच्याजवळ संगणकाची पदवी नव्हती, कारण तेव्हा ती देण्याची सोयच नव्हती. १९६० साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक कार्यान्वित झाला. तो बांधणारे लोक पदार्थविज्ञान, गणित आणि विद्युत्-शास्त्र शिकलेले होते. टाटा कन्सल्टन्सीची घडी बसविणारे फकीरचंद कोहली वीज कंपनीतून आलेले विद्युत् अभियंते. १९८१ साली पुण्यात इन्फोसिस स्थापन करणारे नारायण मूर्ती यांची पहिली पदवी विद्युत् अभियांत्रिकीचीच. १९९१ मध्ये पुण्याच्या ‘सी-डॅक’ने ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, त्याचे सूत्रधार डॉ. विजय भटकर हेही मूळचे विद्युत् अभियंते. या मंडळींना संगणक शिकणे कठीण गेले नाही, कारण त्यांचे गणित आणि विज्ञान पक्के होते.

‘तो काळ वेगळा होता,’ असे कोणी म्हणेल. मग आजचाच दाखला घ्या. २०२४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना मिळाले ते यंत्रांना शिकविण्याच्या शास्त्राचा पाया घातल्याबद्दल. त्यांपैकी हॉपफिल्ड हे पदार्थवैज्ञानिक आणि हिंटन यांची पहिली पदवी मानसशास्त्राची. त्याच वर्षीच्या रसायनशास्त्राच्या पारितोषिकाचा अर्धा वाटा डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाला, तो संगणकाच्या साहाय्याने प्रथिनांची रचना ओळखल्याबद्दल. पदार्थविज्ञानाचा मान संगणकाला आणि रसायनाचा मानही संगणकाला! पण नीट पाहिले तर दोन्ही ठिकाणी फळ धरले ते संगणक आणि विज्ञान यांच्या संगमावर. ज्याला केवळ आज्ञावली लिहिता येते त्याचे काम आता यंत्रच करू लागले आहे. मात्र काय लिहावयाचे, आणि यंत्राने दिलेले उत्तर खरे की खोटे, हे सांगणाऱ्या माणसाची गरज यंत्राने भागत नाही. त्यासाठी पाणी, माती, धातू, औषध, पेशी यांपैकी कशाचे तरी जातिवंत ज्ञान असावे लागते.

आपल्या दाराशी काय आहे?

आता वसई-विरारकरांनी आपल्या पालघर जिल्ह्याकडे एकदा नोकरीच्या दृष्टीने पाहावे. संगणकाच्या नोकरीसाठी आपल्या मुलांना अंधेरी, पवई किंवा ऐरोली गाठावी लागते. येता-जाता दिवसाचे तीन-चार तास गाडीत जातात. उलट दिशेने, बोईसरकडे, पाहणारे फारच थोडे. तेथे तारापूरला देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ पासून उभे आहे. अणुवीज महामंडळ पदविकाधारकांप्रमाणेच पदार्थविज्ञान-रसायनाच्या बी.एस्सी. पदवीधरांनाही वैज्ञानिक साहाय्यक म्हणून विद्यावेतन देऊन शिकविते व सामावून घेते. होमी भाभांनी १९५७ साली तुर्भ्याला सुरू केलेल्या प्रशिक्षण शाळेत आजही अभियंत्यांबरोबर एम.एस्सी. झालेल्यांना प्रवेश आहे. वसईतल्या किती पालकांना याची माहिती आहे? तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत. त्यांना मालाची शुद्धता तपासणारी माणसे रोज लागतात. त्याच वसाहतीच्या सांडपाण्याने खाड्या नासल्या म्हणून मच्छीमारांना राष्ट्रीय हरित लवादाचे दार ठोठावावे लागले. ते पाणी स्वच्छ कसे करावयाचे, हा रसायनाचा प्रश्न आहे.

जुलै २०१८ ची आठवण कोण विसरेल? वसई दिवसचे दिवस पाण्याखाली होती, मिठागरांतली माणसे अडकून पडली होती, वीज नव्हती, गाडी नव्हती. पाणी का तुंबले हे शोधण्यासाठी महापालिकेला नागपूरच्या ‘नीरी’ची आणि पवईच्या ‘आयआयटी’ची मदत घ्यावी लागली. त्यात गैर काही नाही. परंतु लाखो वस्तीच्या शहराला आपल्याच भूमीचा उतार, आपल्याच खाड्यांची भरती आणि आपल्याच विहिरींचा खारेपणा समजावून सांगणारी घरची माणसे असू नयेत काय? पश्चिम पट्ट्यातील गावांत टँकरसाठी होणारा उपसा आणि विहिरींत शिरणारे खारे पाणी ही फार जुनी तक्रार आहे. त्या तक्रारीवर मोर्चे निघाले, भाषणे झाली. आता एक मुलगी बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत गेली, तर तिला आपण विचारतो, ‘खाशील काय?’

खाण्याचाच विषय निघाला म्हणून आणखी एक उदाहरण. आगाशीकडची राजेळी केळ्यांची सुकेळी जुन्या लोकांच्या जिभेवर अजून आहेत. ती उन्हात वाळवितात. आभाळ आले की माल बिघडतो. हवाबंद, स्वच्छ आणि वर्षभर टिकणारी सुकेळी देशावर आणि परदेशी पाठविता येणे अशक्य नाही. त्याला अन्नतंत्रज्ञान म्हणतात, आणि तेही उपयोजित विज्ञानच आहे. वाढवणचे बंदर होऊ घातले आहे. २०२४ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाची मंजुरी दिली. त्याला मच्छीमारांचा विरोध आहे आणि तो वाद या लेखाचा विषय नाही. परंतु बंदर झाले तरी सागरशास्त्र जाणणारी माणसे लागतील, आणि बंदराने समुद्राचे काय होईल हे ठामपणे सांगावयाचे तरी तीच माणसे लागतील. ती बाहेरून येणार की येथून निघणार, एवढाच प्रश्न आहे.

दोष विज्ञानाच्या बाजूलाही आहे

एवढे सारे असूनही विज्ञानाची बाके रिकामी राहतात, याचा सगळा दोष पालकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. विज्ञानाची पदवी आपणच निस्तेज करून ठेवली आहे. अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या मानधनावर माणसे राबविली जातात. प्रयोग म्हणजे जुन्या वहीतून नव्या वहीत उतरवून काढलेली निरीक्षणे, अशी स्थिती अनेक ठिकाणी आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी ‘उपयोजित विज्ञान’ नावाचा जो विभाग असतो, त्याच्याकडे मुले एकदाची पार पाडावयाची पीडा म्हणून पाहतात. पदवीचे शुल्क कमी असते हा विज्ञानाचा गुण. पण स्वस्त ते हलके, या बाजारी न्यायाने तोच त्याचा अवगुण ठरला आहे.

डॉ. रघुनाथ माशेलकर आपल्या गिरगावातल्या युनियन हायस्कूलची एक आठवण सांगतात. भावे नावाच्या शिक्षकांनी मुलांना उन्हात नेले, बहिर्गोल भिंगातून सूर्यकिरण एका बिंदूवर आणून कागद पेटवून दाखविला, आणि एका गरीब मुलाच्या मनात विज्ञान पेटले. तो मुलगा १९६६ साली माटुंग्याहून रासायनिक अभियंता झाला. पुढे तो देशाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचा प्रमुख असताना, १९९७ मध्ये, परिषदेने हळदीवरचे अमेरिकेतील पेटंट रद्द करवून घेतले. भिंगाला पैसे किती पडले असतील? आम्हीही काही वर्षे शिकविले आहे आणि भावेमास्तरांच्या जागी आम्ही काय केले, असे स्वतःला विचारले तर आमची मान ताठ राहत नाही. आम्ही उत्तरे लिहून दिली. ती मुलांनी पाठ केली.

त्या जुन्या विद्यार्थ्याला आम्ही आमचे मत सांगितले. मुलीचा कल स्पष्ट आहे, तिला रसायन घेऊ दे. परंतु गणित सोडू नये, आज्ञावली लिहिण्याची कला बरोबरीने शिकावी, आणि बी.एस्सी.वर थांबू नये, एम.एस्सी.पर्यंतची तयारी ठेवावी. ज्या मुलाला खरोखर संगणकाचे, त्यातील तर्काचे आणि गणिताचे वेड आहे, त्याने खुशाल संगणक घ्यावा; त्याला बाजाराच्या चढउताराची भीती नाही. ज्याला कशाचेच वेड नाही आणि जो केवळ रांग आहे म्हणून रांगेत उभा आहे, त्याची आम्हाला चिंता वाटते, कारण पहिला धक्का त्यालाच बसणार.

त्याने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “सर, हिची दोन वर्षे वाढली तर धाकट्याचे काय करू?”

याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. याचे उत्तर एकट्या बापाने द्यावयाचेही नाही. आमच्या मते ते तिघांनी मिळून द्यावे.

पहिले उत्तर महाविद्यालयांनी द्यावे. प्रत्येक शाखेतून किती मुले बाहेर पडली, त्यांतील किती जणांना नोकरी लागली, मधला पगार किती, आणि तीन वर्षांनी त्यांतील किती त्या धंद्यात टिकली, हे प्रवेशापूर्वी दर्शनी फलकावर लावावे. सर्वांत वरचा एकच आकडा छापणे ही लबाडी आहे. दुसरे उत्तर कारखानदारांनी द्यावे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन अभियंत्यांखेरीज इतर पदवीधरांनाही उमेदवारीचा मार्ग मोकळा झाला, आणि तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक आहे. तारापूर, वालीव, गोखिवरे येथील कारखान्यांनी पालघर जिल्ह्यातील विज्ञान पदवीधरांना विद्यावेतनावर घ्यावे. मग ‘खाशील काय’ या प्रश्नाची धार बोथट होईल. तिसरे उत्तर शासनाचे व महापालिकेचे. शासनाने प्राध्यापकांच्या जागा भराव्यात. महापालिकेने आपल्या विहिरी, खाड्या आणि नाले यांच्या नियमित तपासणीचे काम येथील महाविद्यालयांच्या विज्ञान विभागांना मोबदला देऊन सोपवावे आणि त्यातून दरवर्षी काही एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांचा खर्च चालवावा. शहराला माहिती मिळेल, मुलांना शिक्षण मिळेल, आणि पैसा वसई-विरारमध्येच राहील.

प्रवेशाची मुदत अजून संपलेली नाही. ती मुलगी कोणत्या रांगेत उभी राहील हे आम्हाला ठाऊक नाही. बाप निघताना गप्प होता. परंतु ती रसायनाच्या वर्गात बसली, तर तिच्या दोन वर्षांच्या खर्चाची जबाबदारी ज्या शहराचे पाणी ती तपासणार आहे त्या शहरानेही उचलली पाहिजे. आणि ती संगणकाच्या रांगेत गेली, तर तिच्या गावची विहीर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा खारी होईल, आणि ती का झाली हे विचारावयास आपण पुन्हा नागपूरला माणूस पाठवू.